तलम केस आणि आठवड्याची वेणी

शाळेच्या वार्षिकांत वेणीवर लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. मराठी विभागांत थोरांचीं चरित्रें, प्रवासवर्णनें अथवा सृष्टिविज्ञान यांवर लिहिण्याची वहिवाट आहे. परंतु जी वस्तु आमच्या विद्यार्थिनी रोज डोक्यावर घेऊन वर्गांत येतात तीहि सृष्टिविज्ञानाच्या कक्षेबाहेरची नाहीं. आणि तिचे नियम न समजल्यामुळें कित्येक मुलींचें असें नुकसान होतें कीं तें पुढें भरून निघत नाहीं. म्हणून हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे. मुलांनीं हीं पानें उलटून पुढें जाण्याची घाई करूं नये. यांत थोडें भूमितीचें गणित आहे. शिवाय घरांत आई आजारी पडली म्हणजे धाकट्या बहिणीची वेणी कोणाच्या हातीं येते हें त्यांनाहि ठाऊक आहे.

वेणी रोज सोडावी, केस विंचरावे व पुन्हां घालावी असें सर्व सांगतात. तें बरोबरहि आहे. पण तें सर्वांस साधतें असें नाहीं. पहांटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, डबा बांधून ज्या आईला सातच्या आंत कामावर निघावें लागतें, तिनें दोन-तीन मुलींचीं डोकीं रोज विंचरावीं अशी अपेक्षा करणें सोपें, पुरी करणें कठीण. त्यामुळें रविवारीं न्हाऊन घातलेली वेणी बुधवार-गुरुवारपर्यंत तशीच राहते, आणि वसतिगृहांतून तर ती पुढच्या शनिवारची वाट पाहते. इतके दिवस टिकावी म्हणून ती ओढून घट्ट घातली जाते. केस जाड व राठ असले तर हा व्यवहार बऱ्याच अंशीं निभावून जातो. केस तलम असले तर तो निभावत नाहीं. आणि तो कां निभावत नाहीं हें समजल्यावांचून नुसत्या सूचना पाठ करून उपयोग नाहीं.

केसाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव आहे. नखें व शिंगें ज्या द्रव्याचीं बनतात त्याच केराटिन नांवाच्या प्रथिनाचा तो बनलेला असतो. जिवंत भाग फक्त मुळाशीं, त्वचेच्या आंत, एका लहानशा पिशवींत असतो. त्या पिशवीस केशकूप म्हणतात. दिसणाऱ्या केसाच्या आंत लांब तंतूंचा गाभा असून त्यावर अति पातळ खवल्यांचें आवरण असतें. घराच्या छपरावर कौलें जशीं एकावर एक चढविलेलीं असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. म्हणूनच बोटांनीं केस मुळाकडून टोकाकडे चोळला तर गुळगुळीत लागतो व उलट चोळला तर किंचित् खरखरीत लागतो. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. कौल फुटलें तर गवंडी बोलावतां येतो. खवला उखडला तर मात्र तो पुन्हां बसत नाहीं, कारण निर्जीव वस्तूला स्वतःची दुरुस्ती करण्याचें सामर्थ्य नसतें. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हां कमरेपर्यंत रुळणाऱ्या साठ सेंटिमीटरांच्या वेणीचें टोक पांच वर्षांचें जुनें असतें. सातवींतल्या मुलीच्या वेणीचें टोक ती दुसरींत असतांना उगवलें, आणि तेव्हांपासूनची प्रत्येक ओढ, प्रत्येक ऊन व प्रत्येक गांठ त्यानें सोसलेली आहे.

आतां गणिताकडे वळूं. राठ केसाची जाडी मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजली तर ऐंशी किंवा त्याहून अधिक भरते. तलम केसाची पन्नासच्या आसपास. ऐंशी आणि पन्नास यांत फारसा फरक नाहीं असें वाटेल. पण दोरीची ताकद तिच्या जाडीवर नव्हे, तर तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. ऐंशीचा वर्ग चौसष्टशें, पन्नासचा पंचवीसशें. म्हणजे राठ केस तलम केसाच्या अडीचपटीहून जरा अधिक बळकट ठरतो. कोरडा राठ केस तुटण्यापूर्वीं साधारण शंभर ग्रॅम भार सहन करतो. तर तलम केस चाळीस ग्रॅमांच्या सुमारास हात टेकतो. ज्या हाताला थोरल्या मुलीच्या राठ केसांची संवय आहे, तोच हात त्याच जोरानें धाकटीच्या तलम केसांवर चालला, तर काय होईल हें निराळें सांगावयास नको. आईचें प्रेम दोघींवर सारखें असावें. हाताचा जोर मात्र सारखा असूं नये.

तलम केसांची दुसरी अडचण अशी कीं ते निसटतात. जाड केसांचे पेड एकमेकांस धरून बसतात. तलम, सरळ केसांची वेणी दुपारपर्यंत सैल पडते, कानांशीं बटा सुटतात आणि मुलगी पिंजारलेली दिसूं लागते. मग दुसऱ्या दिवशीं वेणी अधिक ओढून घालण्याचा मोह होतो. येथेंच सगळें बिघडतें. ज्या केसांना कमी ओढ हवी, त्यांनाच अधिक ओढ मिळते.

ओढीचे परिणाम दोन ठिकाणीं होतात. एक केसाच्या दांड्यावर, दुसरा मुळावर. दांडा तुटला तर नुकसान दिसतें, पण मूळ शाबूत असल्यामुळें केस पुन्हां वाढतो. मुळावरचें नुकसान आधीं दिसत नाहीं, आणि तेंच खरें भयंकर. सतत ओढ लागली म्हणजे केशकूपाला सूज येते. प्रथम डोकें ठणकतें, भुवया वर ओढल्यासारख्या वाटतात, कपाळाच्या कडेला व कानशिलांवर केसांच्या मुळांशीं बारीक पुळ्या उठतात. पुढें त्या जागीं केस विरळ होऊन कडेला आंखूड, मऊ लव तेवढी उरते. येथपर्यंत आलेली मुलगी वेणी सैल करतांच कांहीं महिन्यांत बरी होते. पण हीच ओढ वर्षानुवर्षें चालली तर केशकूपाच्या जागीं व्रणासारखी घट्ट त्वचा तयार होते, आणि मग कोणतेंहि तेल, कोणताहि लेप तेथें केस उगवूं शकत नाहीं. बाजारांत बाटल्यांवर काय छापलेलें असतें तें वाचकांनीं वाचलेंच असेल. आम्हांस त्यावर अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं.

या विकाराचें वर्णन प्रथम १९०७ सालीं वैद्यकांत आलें, आणि तें कोठल्या स्त्रियांवरून आलें हें ऐकून मौज वाटेल. बर्फानें आच्छादलेल्या ग्रीनलंडांतील स्त्रिया सर्व केस वर ओढून डोक्यावर घट्ट बांधीत. त्यांच्या कपाळाची कड मागें हटलेली आढळली. पुढें असेंच जगांत इतरत्रहि दिसून आलें. आफ्रिकेंतील स्त्रियांची वेणीची कला फार प्राचीन व फार सुंदर आहे. टाळूस लागून बारीक बारीक वेण्यांच्या ओळी त्या अशा घालतात कीं नांगरलेल्या शेताची आठवण व्हावी, आणि त्या वेण्या कित्येक आठवडे राहतात. त्यांचे कुरळे केस सुकल्यावर फार तुटतात. वेणींत ते झांकले जाऊन वाचतात, हा त्या कलेचा मोठा गुण होय. तरीहि केप टाउन येथील शाळकरी मुलींची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली तींत सुमारें सहा मुलींपैकीं एकीस ओढीमुळें केस विरळ झालेले आढळले, आणि खालच्या वर्गांपेक्षां वरच्या वर्गांत हें प्रमाण अधिक होतें. म्हणजे शाळेचीं वर्षें वाढतात तसें नुकसान सांचत जातें. वेणीचा दोष नाहीं. वेणी केसांचें रक्षणच करते. मोकळे केस वाऱ्यावर गुंततात, खुर्चीच्या पाठीला घासतात, धूळ घेतात. दोष आहे तो ओढीचा.

आतां वेणी पुष्कळ दिवस तशीच राहिली म्हणजे काय होतें तें पाहूं. निरोगी डोक्यावरूनहि रोज पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. केस कांहीं वर्षें वाढतो, मग सुमारें तीन महिने विसावतो आणि गळून त्याच्या जागीं नवा येतो. हा सृष्टीचा क्रमच आहे. रोज विंचरणाऱ्या मुलीचे हे केस रोज फणींत येतात व त्यांची कोणी दखल घेत नाहीं. पण वेणी सात दिवस बांधलेली असली तर गळलेले केस वेणींतच अडकून राहतात, आणि शनिवारीं साडेतीनशें ते सातशें केस एकदम हातांत येतात. आई घाबरते, मुलगी रडते आणि शेजारीण दृष्ट लागल्याचें सांगते. वस्तुतः यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. हातांत आलेले केस उजेडांत धरून पाहावे. ज्याच्या एका टोकास बारीक पांढरा ठिपका दिसेल तो आपल्या वेळीं गळलेला केस होय. ज्यास असा ठिपका नाहीं व जो इतरांपेक्षां आंखूड आहे तो तुटलेला. पहिल्या प्रकारचे केस अधिक असतील तर निश्चिंत असावें. दुसऱ्या प्रकारचे अधिक असतील तर वेणीची रीत बदलावी.

गळलेल्या केसांचें खरें संकट निराळेंच आहे. हे मोकळे धागे जिवंत केसांभोंवतीं गुंडाळले जातात, त्यांवर तेल व धूळ बसते आणि मानेशीं जट होऊं लागते. तलम केसांत ही जट लवकर होते व सोडवितांना सर्वांत अधिक केस येथेंच तुटतात. म्हणून तलम केसांची वेणी दोन, फार तर तीन दिवस ठेवावी असें आमचें मत आहे. कांहीं कारणानें आठवडाभर ठेवावीच लागली, तर मध्यें एकदां तरी ती सोडून बोटांनीं केस मोकळे करावे. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

उवांचाहि विचार येथेंच करावा लागतो, कारण वसतिगृहाची ती जुनी पाहुणी आहे. वेणी घातलेल्या डोक्यावरून ऊ दुसऱ्या डोक्यावर सहसा सहज जात नाहीं, हें वेणीच्या बाजूचें आहे. परंतु लीख फुटण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि बाहेर आलेलें पिल्लूं आणखी तितक्याच दिवसांत अंडीं घालूं लागतें. दर तीन-चार दिवसांनीं बारीक फणी फिरली तर पिल्लें मोठीं होण्यापूर्वींच निघून जातात. महिनाभर न सोडलेली वेणी म्हणजे त्यांना दिलेली सुटीच. मात्र तलम केसांत बारीक फणी कोरड्यानें ओढूं नये. थोडें तेल लावून, एक एक लहान बट हातीं धरून, सावकाश फिरवावी.

वेणी घालण्याची रीत आतां सांगतों. ज्या घरीं आजी आहे तेथें यांतलें बरेंच ठाऊक असेल.

केस ओले असतांना वेणी घालूं नये. पाण्यानें केसांच्या आंतील कांहीं बंध सैल होतात. केस फुगतो, अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. ओला केस ताणून बांधला आणि तो वेणींतच सुकला, तर सुकतांना किंचित् आंखूड होऊन मुळाशीं आणखी ओढ बसते. शिवाय पावसाळ्यांत आंतली ओल दिवसभर जात नाहीं व डोक्यास घाण वास येतो. सकाळीं न्हाऊन धांवत शाळेंत येणाऱ्या मुलींची ही नेहमींची तक्रार असते. न्हाण्याचा वार असेल त्याच्या आदल्या रात्रीं तेल लावावें आणि सुटीच्या दिवशीं न्हावें, म्हणजे केस उन्हाच्या कवडशांत नव्हे तर सावलींत वाऱ्यावर सुकवण्यास वेळ मिळतो. शिकेकाई वापरणाऱ्यांनीं ती वस्त्रगाळ करावी. भरड चूर्ण केसांत अडकून बसतें व तें काढण्यासाठीं पुन्हां ओढाताण होते.

तेलाविषयीं दोन्ही टोकांचीं मतें ऐकूं येतात. आमच्या आज्या खोबरेलाची जी थोरवी सांगत ती अगदींच पोकळ नव्हती. २००३ सालीं मुंबईच्या संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तींत खोबरेलामुळेंच धुतांना केसांतून जाणारें प्रथिन लक्षांत येण्याइतकें कमी झालें. खोबरेल केसाच्या आंत शिरतें, हें त्याचें कारण होय. पण त्यानें केस लांब होत नाहींत, आणि तलम केसांवर तें थापल्यास ते चिकटून बसतात व वेणी आणखी निसटते. तळहातावर चार थेंब घेऊन खालच्या अर्ध्या केसांस लावले तरी पुरे.

विंचरतांना टोकापासून आरंभ करावा. वरची बट मुठींत धरावी, म्हणजे फणीची ओढ मुळापर्यंत पोंचत नाहीं. खालचा वीतभर भाग मोकळा झाल्यावर वर सरकावें. डोक्यापासून खालपर्यंत एका झटक्यांत फणी ओढणें हें झाडाची फांदी सोलण्यासारखें आहे. मग भांग पाडावा. हा भांग नेहमीं एकाच रेषेंत नसावा, कारण तीच तीच मुळें रोज ताणलीं गेल्यानें भांगाची रेघ वर्षांगणिक रुंद होत जाते. आठवड्या-दोन आठवड्यांनीं बोटभर इकडे तिकडे सरकवावा. तीन पेड घेऊन पहिले दोन वळसे सैल घालावे. वेणीच्या आरंभीं, मानेजवळ, आपली करंगळी सहज आंत गेली पाहिजे. खालचे वळसे थोडे घट्ट चालतील, कारण तेथली ओढ मुळापर्यंत जात नाहीं. वेणी टिकते ती खालच्या वळशांवर, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वेणी झाल्यावर मुलीला भुवया उंचावून तोंड उघडावयास सांगावें. कोठें टोंचलें, तर तेवढीच बट बोटानें किंचित् सैल करावी. वेणी दुखते म्हणणाऱ्या मुलीस हट्टी समजूं नये. ती खरें बोलत असते.

टोक बांधण्यास फीत किंवा मऊ कापडाचा तुकडा घ्यावा. रबराचीं उघडीं कडीं खवले उपटतात आणि काढतांना दहा-वीस केस घेऊनच येतात. वेण्या वर दुमडून कानामागें फितीनें बांधण्याची जी शाळकरी पद्धत आहे ती चांगली आहे, कारण टोकें दप्तराच्या पट्ट्याखालीं चेंगरत नाहींत. गांठ मात्र रोज त्याच जागीं येऊं देऊं नये. संमेलनाच्या दिवशीं हौसेनें गंगावन लावतात, त्याला आमचा विरोध नाहीं. पण त्याचा भार तलम केसांवर चोवीस तास ठेवूं नये, घरीं येतांच तें सोडावें. रात्रीं निजतांना वर दुमडलेल्या वेण्या खालीं सोडाव्या, आणि उशीवर जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा असल्यास घालावा. खरखरीत अभ्रा रात्रभर केस घासतो.

कांहीं वडील मंडळी म्हणतील, पेत्रानें आपल्या पहिल्या पत्रांत केस गुंफण्याच्या शोभेविषयीं बजावलें असतां आम्ही हें काय शिकवीत आहों? प्रेषिताचा रोख अंतःकरण सोडून बाहेरच्या डौलावर भिस्त ठेवणाऱ्यांवर आहे. देवानें दिलेल्या शरीराची काळजी घेण्यावर नाहीं. शास्ते या पुस्तकांतील शमशोनाच्या डोक्यावरहि सात बटा होत्या, हें सोळाव्या अध्यायाच्या वाचकांस ठाऊक आहे.

एक गोष्ट शाळांसंबंधींहि सांगणें अवश्य आहे. केस नीट बांधलेले असावे असा नियम असतो. ते कपाळाची कातडी ताणली जाईल इतके घट्ट असावे असा नियम कोठेंहि नसतो. तरी प्रार्थनेच्या वेळीं ओळींत उभ्या असलेल्या मुलींपैकीं जिचें डोकें चकचकीत व चापून बसविलेलें, तिलाच नीटनेटकी म्हटलें जातें, आणि जिच्या कानाशीं दोन बटा सुटल्या तिला सर्वांदेखत नांवें ठेवलीं जातात. तलम केसांच्या मुलीच्या बटा दुपारपर्यंत सुटणारच. त्याबद्दल तिला बोल लागला कीं ती घरीं जाऊन आईला म्हणते, "आई, उद्यां आणखी घट्ट घाल." शिक्षकांनीं ही साखळी आपल्या टोकाला तोडावी.

मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनीं केस पुष्कळ गळतात. तें वेणीमुळें नव्हे, आणि बहुधा आपोआप थांबतें. तोंवर वेणी अधिकच सैल ठेवावी. डाळ, अंडें, मासळी, पालेभाजी यांची ताटांत वाण असली तरीहि केस बारीक होतात. गोल चकत्या पडल्या, खाज सुटली किंवा पुळ्यांत पू झाला तर डॉक्टरांस दाखवावें.

ज्या मुलींची कपाळाची कड विरळ झाली आहे त्यांच्या आयांनीं या जूनपासून रीत बदलून पाहावी. दिवाळीच्या सुटीपर्यंत नवे केस चार-पांच सेंटिमीटर वाढतील. ते वेणींत येण्याइतके लांब नसल्यामुळें कपाळावर उभे राहतील आणि वाऱ्यानें उडतील. त्यांना पाण्यानें चोपडून पिनांनीं आवळूं नये.